चांदेने फोडलेलं दार

बापाने लेकीच्या मधुचंद्राच्या खोलीचं दार हातोड्याने फोडलं, तेही भर दुपारी, चारचौघांच्या देखत. मी तिथेच होतो.

आमच्या मत्वापाच्या खाडीत ज्याच्या हातात पाना तो फुंदी, पण नुसतं 'फुंदी' म्हटलं की तो चांदेच. बड्या लोकांच्या नौका इथे बांधलेल्या असतात आणि त्यांच्या एसीचं दुखणंखुपणं चांदेकडे. तो आधी यंत्राला हात लावत नाही. धक्क्यावर उकिडवा बसून नौकेच्या कुशीतून पडणारं पाणी बघतो. समुद्राचं पाणी तळातून आत येतं, यंत्र गार करतं आणि कुशीतून बाहेर पडतं. धार जाड असेल तर सगळं ठणठणीत. करंगळीएवढी झाली की जाळीत शेवाळ, नाहीतर जेलीफिश. अडखळत पडली की पंपाने हवा ओढली.

मी एका परदेशी मालकाची नौका चालवतो. एकदा माझ्या एसीची धार आटली म्हणून मी शहाणपणा करून जाळी उघडायला घेतली, तर हा वरून ओरडला, "अरे नाखवा, आधी तळाचा कॉक बंद कर! नाहीतर कॅबिनमध्ये बसूनच मासे धरशील!" वर ही गोष्ट आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरला. माणूस कामाचा, पण तोंडाचा फटकळ आणि स्वतःवर भलताच खूश.

सौमू ही त्याची एकुलती एक मुलगी. फेरीबोटीवर काम करणाऱ्या त्वाहाशी तिचं लग्न ठरलं. आमच्यात लग्नानंतरचा आठवडा नवरानवरी खोलीबाहेर पडत नाहीत. चांदेचं घर पत्र्याचं, त्यात उन्हाळा. माझ्या मालकाला कळलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, फुंदीच्या मुलीला नौका द्या, खुशाल राहू देत.

मग काय, चांदेच्या अंगात आलं. त्याने जाळी धुतली, पाण्यात बुडी मारून तळाच्या भोकावरचे शिंपले खरवडले, नळ्यांतून व्हिनेगर फिरवलं. एवढ्यावर थांबेल तर तो चांदे कसला! दाराला, खिडक्यांना, छताच्या झडपेला नवी रबरी पट्टी बसवली. मला म्हणाला, "बघ नाखवा, गार हवेचा एक थेंब बाहेर गेला तर नाव बदलीन."

"थेंब पाण्याचा असतो रे," मी म्हणालो.

"तुला काय कळतंय? तू सुकाणू धर."

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही धक्क्याच्या तोंडाशी बदामाच्या झाडाखाली आल्याची कॉफी पीत बसलो होतो. नौका धक्क्याच्या पार टोकाला. चांदेची नजर तिच्या धारेवर. "कशी मनगटाएवढी पडतेय बघ! आत पोरं राजासारखी झोपली असतील."

तेवढ्यात जेवणाची रिकामी थाळी घेऊन मेजुमा आली. मेजुमा म्हणजे सौमूची सोमो, नवरीला चार गोष्टी शिकवणारी आणि तिची खोली सजवणारी जाणती बाई. ती खुशीत होती. "फुंदी, तुझ्या त्या खोलीला तेलाचा वास येत होता हो. मघाशी जेवण द्यायला गेले तेव्हा पलंगाखाली धुपाटणं सारून आले. असला ऊद घातलाय, की पोरगी जन्मभर नाव काढील."

चांदे हसला. मग हसता हसता थांबला. "निखारे घातलेस?"

"मग काय बर्फावर जळतो ऊद? करवंटीचे निखारे, काठोकाठ. संध्याकाळपर्यंत बघायला नको. तुझा एसी बाहेरची हवा आणतोय, सुगंध फिरवतोय..."

"बाहेरची हवा आणत नाही गं तो!" चांदे किंचाळला. "आतलीच आत फिरवतो!"

आणि पेला टाकून पळाला. वाटेत माझ्या हत्यारांच्या पेटीतला हातोडा उचलला. मेजुमा दोन्ही हात पसरून आडवी आली. "फुंदी, लाज सोडलीस का? बाप असून लेकीच्या खोलीत घुसतोस?" दोघा कोळ्यांनी त्याला कमरेला धरलं. मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं याचं. त्याने त्यांना झटकून टाकलं. दारावर थापा मारल्या. "सौमू! अगं सौमू!" आतून हूं की चूं नाही. एसीची घरघर तेवढी चालू. मग तो हातोडा घेऊन कडीवर तुटून पडला. कडी तुटली, पण त्याच्याच रबराने दार धरून ठेवलं होतं. दोन वेळा खांदा मारला तेव्हा ते उघडलं.

मी त्याच्या मागे आत गेलो. खोली थंडगार. सुवास असा, की मशिदीतही दरवळू नये. आणि ती दोघं पलंगावर शांत, गालांवर लाली, जणू गाढ झोपली आहेत. चांदेने सौमूला हलवलं तर तिची मान लोंबली. देवा, असल्या सुंदर खोलीत मरण येऊन बसतं?

आम्ही दोघांना उचलून धक्क्यावर आणलं. उघड्यावर त्वाहाने उलटी केली, डोळे उघडले. सौमू काही केल्या उठेना. मेजुमा खाली बसून ऊर बडवत होती. "मी मारलं गं पोरीला, मी मारलं!"

चांदे तिच्याकडे न बघता म्हणाला, "निखारे तुझे होते. फट मी ठेवली नाही." एवढंच. मग सौमूला उचलून तो दवाखान्याकडे निघाला.

निखाऱ्यांचा विषारी वायू अंगात भिनला होता, म्हणून तिथे सौमूच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला. चांदे पलंगाशी बसला, दोन्ही हातांनी तिचं मनगट आवळून. नर्सने उठायला सांगितलं, मी सांगितलं, त्याच्या कानापर्यंत काही पोचत नव्हतं. दिवस मावळायला आला तेव्हा पोरीच्या पापण्या हलल्या. मुखवट्याआडून बारीक आवाज आला, "बाबा, सोडा ना हात. दुखतंय."

चांदेने हात सोडला नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"दुखतंय?" तो म्हणाला. "दुखू दे, बाळा. दुखू दे."