आजोबांचं डोहाळजेवण

परवा फोनवर तू सांगितलंस की दर गुरुवारी तू एका समुपदेशकाकडे जाऊन बोलतेस, आणि मी काही म्हणायच्या आत घाईघाईनं पुढं म्हणालीस, "आजी, मला काही झालेलं नाही हं." मागून तुझा भाऊ ओरडला, "काही झालं नाही, तर जातेस कशाला?" त्याला उत्तर द्यायचं माझ्या मनात होतं, पण फोनवर जमलं नाही. म्हणून लिहिते. वाचताना अडलात तर तुमच्या बाबाला मोठ्यानं वाचायला सांगा. हिंदी शाळेमुळे त्याचंही मराठी वाचन अर्धंच राहिलं, त्यालाही सराव होईल.

देवासची आमची गल्ली तुम्ही पाहिली आहे. महाराष्ट्रातून कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी आलेली माणसं इथं घरं बांधून राहिली. सकाळी सातला कोपऱ्यावर कारखान्याची बस यायची आणि गल्लीतले पुरुष डबे घेऊन निघायचे. आमच्या समोरच्या घरातले काका आजोबांच्याच विभागात होते, वयानं दोन-तीन वर्षं मोठे. गणपतीत सगळ्यांच्या वर त्यांचा आवाज. ते निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन वाजतगाजत घरी आले.

नंतर हळूहळू त्यांचा आवाज ऐकू येईना. कंपनीचा इस्त्रीचा शर्ट घालून ते दुपारपर्यंत ओसरीत बसून राहायचे. कोणी विचारलं की काकू सांगायच्या, "गॅसेस आहेत." आम्ही ओवा पाठवला. पुढं त्यांचं जेवण सुटलं, अंघोळही टळू लागली. मग त्यांच्या मुलानं त्यांना इंदूरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. औषधं सुरू झाली आणि बऱ्याच महिन्यांनी काका गल्लीत फिरताना दिसू लागले.

त्या हिवाळ्यात मी आणि काकू ओसरीत मटार सोलत बसलो होतो. काकू आपणहून म्हणाल्या, "मला ते रिटायर व्हायच्या आधीच कळायला हवं होतं. रोज स्कूटर पुसायला लागले होते. चालवायची नाही, नुसती पुसायची. मला वाटलं, बरं झालं, काही छंद लागला."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. त्याच आठवड्यात तुमच्या आजोबांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. न कुरकुरणाऱ्या दारांनाही. आणि फेब्रुवारीअखेर त्यांची नोकरी संपणार होती.

संध्याकाळी मी विचारलं, "अहो, पुढं काय करायचं ठरवलंय?"

"आराम," असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र वर धरलं.

दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "मला काय धाड भरलीय? का सारखी मागं लागतेस?"

मी धारला फोन लावला, माझ्या धाकट्या जावेला. तिचं माहेर जुन्या दरबारातलं, त्यामुळे सगळे सणवार, रीतीभाती तिला तोंडपाठ. थोरल्या दिरासमोर, म्हणजे तुमच्या आजोबांसमोर, तिच्या डोक्यावरचा पदर अजून ढळत नाही आणि त्यांच्याशी ती सरळ बोलतही नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन महिने उरले ना? म्हणजे भावजींना सातवा लागला."

"कसला सातवा?"

"डोहाळजेवण करू या."

मला हसू आवरेना. ती मात्र हसत नव्हती. "थट्टा नाही करत मी, जाऊबाई. ज्या बाईचं आयुष्य दोन महिन्यांनी पार बदलणार, तिला आपण आधीच बसवतो, जेवू घालतो, तुला काय हवंसं वाटतं म्हणून विचारतो. मूल झाल्यावर मग विचारू, असं म्हणतो का? भावजींना कोणी विचारलंय?"

मी विचारलं होतं, पण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, उलटतपासणी घेतल्यासारखं. पाटावर बसवून विचारणं वेगळं, हे तिच्या बोलण्यावरून माझ्या ध्यानात आलं.

पुढच्या रविवारी धारचे दोघं सकाळीच येऊन दाखल झाले. दीर-जाऊ जेवायला आहेत, एवढंच मी आजोबांना सांगितलं होतं. ते दही आणायला गेले तेवढ्यात जावेनं ओसरीतल्या झोपाळ्याला झेंडूच्या माळा बांधल्या. त्यांच्या विभागातले चार-पाच जण आले, समोरून काका-काकू आले. आजोबा दह्याचं भांडं घेऊन फाटकातून आत शिरले आणि तिथंच थबकले.

"क्या भिया, कौन सा महीना चल रहा है?" एकानं विचारलं आणि ओसरी हसण्यानं दणाणली.

आजोबा तडक आत निघाले. धाकट्या दिरांनी त्यांचा हात धरला. "दादा, बस थोडा वेळ. हिनं पहाटेपासून माळा ओवल्यात."

भिडेखातर ते बसले, कान लालबुंद. जावेनं त्यांच्या मांडीवर रुमाल पसरून नारळ आणि गहू घातले. मग पदर सावरून, हातभरावर बसलेल्या आजोबांकडे न बघता, ती मला म्हणाली, "जाऊबाई, भावजींना विचारा, डोहाळे काय लागलेत?"

"दाल-बाफले!" आजोबांनी उत्तर दिलं.

"अरे, वो तो हर इतवार के डोहाळे हैं!" विभागातला एक जण ओरडला.

ते पहिल्यांदा हसले. जावेनं धारहून मांडूची चिंच, म्हणजे गोरखचिंच, आणली होती, नालछ्याच्या रस्त्यावर विकायला बसतात ती. पांढरी, पिठूळ आणि भयंकर आंबट. आजोबांनी तोंडात टाकली आणि डोळे गच्च मिटले. तोवर कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसलेले समोरचे काका उठले आणि झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी येऊन बसले. कडी कुरकुरली. घरात तेवढीच एक गोष्ट आजोबांच्या तेलातून सुटली होती.

काकांनीही एक चिंच तोंडात टाकली. "झोप येते?"

"येते."

"आणि सकाळी?"

आजोबा चिंचोका तोंडात घोळवत राहिले. मग म्हणाले, "सकाळचीच धास्ती वाटते. सातची बस कोपऱ्यावरून जाईल आणि मी इथं असेन."

"मला पण तेच वाटायचं. बोललो नाही कोणाला."

"मग?"

"मग काय, डॉक्टर गाठावा लागला. तू आधी मला गाठ. सातला ये. मी उठलेलाच असतो."

मग जावेनं झाकलेल्या दोन वाट्या पुढं केल्या. आजोबांनी एक उघडली, आत बर्फी निघाली. "मुलगी!" असा एकच गलका झाला. बर्फीचा अर्थ काय धरायचा, असं मी तिला नंतर विचारलं, तर म्हणाली, "ते मी ठरवलंच नव्हतं."

एका जेवणानं सगळं सरळ झालं, असं समजू नका. काका बरे झाले ते डॉक्टरांच्या औषधांनी, थट्टामस्करीनं नव्हे. आजोबाही त्यानंतर काही संध्याकाळी तुसडेपणानं वागले. पण आता मला विचारता येत होतं आणि त्यांना सांगता येत होतं. झोप किंवा भूक उडाली, तर वाद न घालता काकांच्या डॉक्टरांकडे जायचं, हेही आम्ही ठरवून टाकलं. आता गल्लीत कोणी निवृत्त होणार असेल, कोणाचा एकुलता एक मुलगा शिकायला बाहेरगावी निघणार असेल, की कोणीतरी म्हणतंच, "यांना सातवा लागला." लोक हसतात, पण जेवायला येतात आणि विचारतातही.

तेव्हा तुझ्या भावाला सांग, काही झालेलं नाही म्हणूनच तू जातेस. आणि त्यालाही एकदा बसवून विचार. चिडवणारी मुलं स्वतःचं सहसा सांगत नाहीत.

मार्चच्या पहिल्या सकाळी आजोबा नेहमीसारखे उठले. अंघोळ करून सवयीनं कंपनीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं आणि ओसरीत जाऊन उभे राहिले. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर जायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं, आणि ते फार जड जात होतं. बस गेली. मी कणीक मळत राहिले.

मग फाटक वाजलं. गळ्यात मफलर, हातात काठी, समोरचे काका.

"सातला तू येणार होतास माझ्याकडे."

"येणारच होतो."

"हो. मीसुद्धा असाच दोन महिने ओसरीत बसून कुठंतरी जाणारच होतो. चल. आणि आधी तो शर्ट बदल."

आजोबा आत आले. माझ्याकडे न बघता कपाटातून निळा सदरा काढला, घातला आणि निघाले. शर्ट बदलताना काढलेलं पेन टेबलावर राहिलं होतं. ते घ्यायला ते परत आले नाहीत.