मीटरच्या पेटीतलं पोळं

बदलापुरातल्या आमच्या मधमाशी मंडळाचे अध्यक्ष काका दुसऱ्या कोणाला बोलू देत नाहीत. मंडळ लोकशिक्षणाचं आहे ना. प्रश्न काकाच विचारतात, उत्तरही तेच देतात. "माशी का चावते? आपण धसमुसळेपणा करतो म्हणून. समजलं? नाही समजलं." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तोही प्राणिशास्त्राचा, म्हणून मंडळात खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडे आहे. हाक मात्र 'बीएस्सी' अशी मारतात.

गेल्या रविवारी कुळगावच्या एका सोसायटीत मीटरच्या पेटीत पोळं सापडलं. सेक्रेटरींनी फवारणीवाला आधीच बोलावला होता. "काका, एकाला जरी चावली तरी सगळ्या मारणार," त्यांनी बजावलं. अख्खी सोसायटी जिन्यात गोळा झाली. काकांनी हातमोजे घातले नाहीत, कारण हातमोज्यांत भाषण रंगत नाही. पोळं कापून आमच्या लाकडी पेटीत बांधताना त्यांचं बोलणं चालूच होतं. मध्येच ते गप्प झाले. मंडळाच्या इतिहासात हे प्रथमच घडलं. मग हसून म्हणाले, "चावते का? नाही चावत."

फवारणीवाला पंप उचलून गेला. दोन बायकांनी मंडळात नावंही दिली.

पेटी घेऊन रिक्षात बसल्यावर काकांनी मूठ उघडली. तळवा टम्म सुजला होता आणि त्यात तीन काटे होते.

"काढ, बीएस्सी. नखाने खरवड, चिमटीत धरू नकोस."

हे मला कॉलेजात शिकवलं होतं. मी नखाने एकेक काटा काढला.

"दुखतंय का, काका?"

"दुखतंय का? दुखतंय," ते रिक्षाबाहेर बघत म्हणाले. "समजलं?"

समजलं, म्हटलं.