धवल्यातली मोकळी जागा

मी सीताकाकीशी खोटं बोललो होतो. ती होती तोवर हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. टोकावड्याहून ती गेल्याचा फोन आला, तेव्हा रडू येण्याआधी तेच आठवलं...

काकी आमच्याकडची धवलारीण. लग्नाच्या मांडवात धवले गायची. एकदा धरलेला धवला मधे तोडायचा नाही, हा तिचा नेम. बाजाराला मुरबाडला आली की माझ्या फोटो स्टुडिओत बसायची आणि मी एकेक धवला कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचो. मग हेडफोन लावून स्वतःलाच ऐकायची. "ही कोन म्हातारी रे? बरी गाते," म्हणायची.

एका दुपारी धवला तिच्याकडूनच तुटला. मधेच थांबली, घरातलं एक जुनं दुःख बोलून गेली, डोळे पुसले आणि सोडला होता तिथून पुढे गायली. उठताना म्हणाली, "बाबू, गाना ऱ्हाऊदे. मधला बोलना पूस. माज्या सुनंदाच्या कानावर नाय गेला पायजे."

"पुसलं, काकी," मी म्हणालो. पुसलं नव्हतं. इतकं खरं बोलणं पुन्हा कुठे मिळणार, ते जपायलाच हवं, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. जपतोय म्हटलं की दुसऱ्याचं ठेवून घेतलेलंही चांगलं दिसतं.

दिवसकार्य उरकल्यावर तिची लेक सुनंदा स्टुडिओत आली. "दादा, आईचं असेल तेवढं सगळं द्या. खोकली असेल तेपन."

लेकीला सगळं हवं होतं, आईला तेवढंच नको होतं. दोन दिवस दोघींचं म्हणणं मनात घोळवत बसलो. शेवटी ठरवलं, बोलणं जिचं, शेवटचा शब्दही तिचाच. तेवढा तुकडा कापला, त्याची जागा मोकळी ठेवली. कॉम्प्युटरमधून, हार्ड डिस्कवरून, जुन्या मोबाइलमधूनही काढला. धवले सगळे ठेवले. पेनड्राइव्ह देताना सुनंदाला सांगितलं, "एका धवल्यात मधे मोकळी जागा आहे. तिथलं काकीनं पुसायला सांगितलं होतं. मी आत्ता पुसलं."

"माझ्याबद्दल होतं?"

मी पेनड्राइव्ह तिच्या पुढ्यात सरकवला.

"तुमी ऐकलंत ना पन," ती म्हणाली आणि एसटी धरायला निघून गेली.

हेडफोन खिळ्याला आहे. त्याच्या स्पंजला काकीच्या खोबरेल तेलाचा वास अजून येतो. मशीनमधून गेलं ते माझ्या कानात आहे, आणि तिथून पुसता येत नाही. इथेही ते लिहिलेलं नाही. ते कधीच कुणाला न सांगणं, एवढं मी काकीचं अजून देणं लागतो.