आगरच्या गाडीतला झोपायचा बाक

आमचा यज्ञेश्वरदादा भारी हट्टी. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की शिरली, मग घरात कुणी जेवायचं थांबलंय याचा त्याला पत्ता नसायचा. उज्जैन-आगर धावणाऱ्या छोट्या गाडीच्या कारखान्यात तो डब्यांचं लाकूडकाम बघायचा. माझी सुलूवहिनी आगरची. लग्नही त्या गाडीनंच जमवलं म्हणा ना.

वहिनीची थोरली बहीण कुसुम आगरला बाळंतपणात अडली. उज्जैनच्या दवाखान्यात आणायचं तर डब्यात ही गर्दी! अडलेली बाई, आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून बसवत आणली. दवाखान्याच्या दारातच संपली. तिला पोचवून दादा घरी आला नि म्हणाला, "नंदे, बिचारीला पाठ टेकायलासुद्धा मिळाली नाही गं."

झालं! शिरलं डोक्यात. कारखान्याच्या जुन्या साहेबांच्या मागे लागून लागून त्यानं एक डबा नव्यानं बांधायची परवानगी काढली. साहेब म्हणाले, "आधी प्रवाशांचं म्हणणं काय पडतं ते बघू. आवडला तर सगळे डबे असेच करू."

डब्याच्या एका कोपऱ्यात दादानं आडोसा केला, पडदा लावला. आत माणूस आडवा होईल एवढा लांब बाक, काथ्याची गादी, आणि डोक्याकडे लाकडाचीच उतरती उशी, पक्की ठोकलेली. आजारी माणूस आगरहून उज्जैनला यायचा, इंजिन पुढे असायचं, धूर नि कोळशाची कच तोंडावर यायची. म्हणून उशी त्यानं मागच्या बाजूला घेतली. किती विचार केला बघा! फक्त एक विचार राहिला. आगरहून उज्जैनला येताना गाडी दक्षिणेकडे येते. म्हणजे उशी आली उत्तरेला. आणि उत्तरेला डोकं आपण कुणाचं करतो?

पहिल्या दिवशी लोकांचं म्हणणं ऐकायला दादा मलाही घेऊन गेला. नव्या नवरदेवासारखा ताठ बसला होता. लोक पडदा सारून बघत होते, "वाह, क्या बात है" म्हणत होते. दादानं एका म्हातारीला आग्रहानं आडवं व्हायला सांगितलं. ती बसली, खिडकीतून ऊन कुठल्या बाजूला आहे ते बघितलं, आणि इंगळी डसल्यासारखी उठली. "उत्तर में माथो? म्हने मारनो है कई?" मला मारायचंय का, म्हणून दादावरच ओरडली.

पुढचं स्टेशन येईपर्यंत साऱ्या डब्याला कळलं. संध्याकाळी परतीच्या गाडीत त्या बाकाला नावही पडलं होतं: मुर्दे का पाटिया, मड्याची फळी. मी भांडले, "अहो, उलटं डोकं करून झोपा ना!" पण तसं झोपलं की पाय वर, डोकं खाली. मेल्यांनी त्या बाकावर पोती टाकली, दुधाचे हंडे ठेवले. माणूस काही कुणी झोपलं नाही.

"चूक माझीच," दादा म्हणाला. "उशी काढून पलीकडे ठोकतो. अर्ध्या दिवसाचं काम." पण तोवर ग्वाल्हेरचं राज्य मिटलं, मध्य भारत झाला, जुने साहेब घरी बसले. नवे म्हणाले, गाडी आता दिल्लीच्या ताब्यात जायची आहे. वरून हुकूम येईस्तोवर एक खिळा हलवायचा नाही, हलवलात तर नोकरी गेली समजा. दादा जाऊन जाऊन थकला. हुकूम काही आला नाही.

त्यातच वहिनीला दिवस गेले. दादा म्हणाला, तिला इथंच ठेवू, दवाखाना जवळ आहे. आमच्या आईचं, अक्काचं, एकच, "पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. लोक काय म्हणतील?" जगाशी हट्ट करणारा माझा भाऊ आईपुढे मात्र नमला, नि वहिनीला आगरला सोडून आला.

आणि जे नको तेच झालं. वहिनी अडल्याचा निरोप आला. आम्ही दोघं आगरला धावलो. नशिबानं गाडीला तोच डबा होता. दादानं वेड्यासारखी पोती खाली ओढली, गादी झटकली.

वहिनीनं बाकाकडे बघितलं. "मी नाही तिथं झोपणार. माझ्या पोटात लेकरू आहे."

"सुलू, ऐक गं," दादा हात जोडत होता. उलटं डोकं करून निजवून बघितली, तर भरल्या पोटानं तिचा श्वास कोंडला. शेवटी खालीच बसली, माझ्या छातीला टेकून. गाडी हलली की ती ओठ चावायची. बाक रिकामा, आणि ती जमिनीवर! मला त्या गाडीचा, अक्काचा, दादाचा, सगळ्यांचा असा संताप आला होता.

घट्टिया स्टेशन मागं गेलं. वहिनीनं पोटावर हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला. मग दादाला म्हणाली, "अहो, ते हलत नाही आता. मला घाला वर."

दादानं तिचं डोकं दक्षिणेकडे करायला घेतलं.

"उत्तरेलाच करा. आता चालतं."

त्यानं तिला उशीवर निजवलं. ती पाठ टेकून जरा वेळ डोळे मिटून पडली. मग म्हणाली, "छान केलाय हो बाक. कुसुमताईला मिळायला हवा होता."

दादा तिच्या पायाशी बसला. उज्जैन आलं तेव्हा ती गेलेली होती, आणि सगळा डबा रिकामा झाला तरी तो तिथंच बसून होता.