काउंटरवरची रोषणाई

डोळ्यांच्या त्या दवाखान्यातील पगारपत्रकावर तिचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीनही शब्द व्यवस्थित टंकलेले होते. परंतु पंचविशीपासून साठीपर्यंत ज्या काउंटरमागे ती बसली, त्याच्यापुढे येणाऱ्यांपैकी कोणालाही त्यातला एक शब्दसुद्धा सांगता आला नसता. सगळे तिला रोषणाई म्हणत. हे नाव एका निवृत्त हवालदारांनी ठेवले. मोतीबिंदूची तपासणी करून घ्यायला ते प्रथम आले, तेव्हा दारातच थबकून त्यांनी विचारले, "आज इथे कसली रोषणाई केली आहे?"

"रोषणाई नाही हो, आमच्या बाई आहेत," कंपाउंडर म्हणाला.

त्या दिवशी तिने सोनेरी टिकल्यांचा जांभळा ब्लाउज घातला होता. आपल्याला कोणी नाव ठेवले की माणसे हिरमुसतात. हिने ते नाव कपड्यांसारखेच अंगावर मिरवले. टेलिफोन उचलतानासुद्धा ती म्हणे, "डोळ्यांचा दवाखाना, रोषणाई बोलतेय."

तिच्या या हौसेला मागचा इतिहास होता आणि तो रंगीत नव्हता. तिची आई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतण्याचे काम करी. उरलेले तुकडे कामगारांनी घरी न्यावेत, अशी तिथली रीत होती. आणि कारखान्यात कापड एकाच रंगाचे येई, राखाडी. परिणामी त्या घरातील उशांचे अभ्रे राखाडी, पडदे राखाडी, भावाची अर्धी चड्डी राखाडी आणि हिचे झगेही राखाडी. शाळेत दोघा भावंडांना "टपालाच्या पिशव्या" म्हणून हाक मारीत. एकदा संध्याकाळी वडील कामावरून आले आणि पडद्यापुढे उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहत त्यांनी आईला विचारले, "धाकटी कुठे गेली?" घरात हशा पिकला. ती हसली नाही. पुढे पहिला पगार हाती आला तेव्हा तिने पोपटी रंगाचा, पितळी बटणांचा एक कोट विकत घेतला आणि तो घालून ती मुद्दाम शाळेवरून चालत गेली. शाळेला सुट्टी होती, ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर तिने मागे वळून पाहिले नाही. बिबट्याच्या ठिपक्यांचे स्कार्फ, सोनेरी टाचांचे बूट, खांद्यांवर झालरी असलेली जाकिटे, छातीवर खड्यांनी काढलेला वाघ, वितीएवढ्या बकलाचा पट्टा, ज्याच्या काड्यांवर कंपनीचे नाव दुरूनही वाचता येईल असा चष्मा. लोक ज्याला भडक म्हणून नाक मुरडतात, ते सर्व तिच्या कपाटात होते. कपाट नेहमी शिस्तीत असे. टिकल्यांचे कपडे उलटे करून घडी घातलेले, खड्यांचे मलमलीत गुंडाळलेले. तिच्या खांद्यावरची पर्स एका नामांकित कंपनीच्या पर्सची नक्कल होती. मूळ पर्सवर एक घोडा असतो, हिच्या पर्सवर दोन होते. कोणी ही चूक दाखवून दिली की ती म्हणे, "एकाच्या किमतीत दोन मिळाले, तक्रार कशाला करू?"

घरी तिच्या भावाची मुलगी कपड्यांच्या एका उंची दुकानात नोकरीला होती. तिला आत्याविषयी माया होती आणि आत्याबरोबर रस्त्याने चालण्याचा संकोचही होता. एका रविवारी तिने आत्याला समोर बसवले.

"आत्या, एक सांगू? रागावणार नसशील तर."

"रागावणार असले तरी तू सांगणारच आहेस. बोल."

"अंगावर कंपनीचं नाव मिरवायचं नसतं आता. गावंढळ दिसतं. वाघ, बिबट्या, खडे, सोनेरी बूट, सगळं त्यातच आलं. खरे श्रीमंत लोक कसे साधे असतात बघ. आमच्या दुकानातल्या सगळ्यात महाग स्वेटरवर एक अक्षर नाही."

"मग तो महाग आहे हे कळतं कसं?"

"ज्यांना कळायचं त्यांना कळतं."

"आणि बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

मुलीने हात टेकले. "लोक हसतात गं तुला," ती हळूच म्हणाली.

"हसू देत. मला बघून एवढी माणसं हसतात, तुमच्या त्या स्वेटरला बघून एक तरी हसलं का?"

हे सर्व घरातल्या घरात चालले होते तोवर त्यात कोणाचे काही जात नव्हते. परंतु दवाखान्याचे थोरले डॉक्टर थकले आणि त्यांनी कारभार सुनेच्या हाती दिला. धाकट्या डॉक्टरीणबाई हुशार होत्या, हाताने अत्यंत हलक्या होत्या आणि कोणाशीही आवाज चढवून बोलत नसत. त्यांना दवाखान्याचे जुने रूप मात्र पाहवत नव्हते. त्यांनी हिरवी लाकडी बाके काढली, तेलकट निळ्या भिंती खरवडल्या, आणि महिनाभरात भिंती, खांब, पडदे, खुर्च्या, काउंटर, फरशी, सगळे फिकट बिस्किटी रंगाचे करून टाकले. उद्घाटनाच्या दिवशी रोषणाई दारात उभी राहून बराच वेळ पाहत राहिली आणि कंपाउंडरला म्हणाली, "छान झालंय. आता फक्त चहात बुडवायचं बाकी आहे."

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या खुर्चीवर एकेक गुडघ्यापर्यंतचा कोट घडी घालून ठेवलेला आढळला. तोही बिस्किटी.

रोषणाईने कोट उचलला, हाताळला आणि आत नेऊन डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. "मॅडम, हे माझ्याकडून नाही व्हायचं."

"माप चुकलं का? बदलून देते."

"माप बरोबर आहे. रंग चुकलाय."

डॉक्टरीणबाईंनी तिला बसायला सांगितले. "हे बघा, तुमच्या कामात बोट ठेवायला जागा नाही. पण आजारी माणूस इथे येतो तेव्हा डोळ्यांना शांत वाटलं पाहिजे. दारातून आत आल्याबरोबर समोर वाघ दिसतो, ते बरं नाही. कालच एका पेशंटच्या मुलीनं विचारलं, हा दवाखाना आहे की जत्रा?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी काय सांगणार? काउंटरवर बसायचं तर कोट लागेल. नसेल घालायचा तर मागच्या खोलीत जुनी कागदपत्रं लावायचं काम आहे. तिथे कोणी येत नाही. तिथे तुम्ही काहीही घाला. पगार तोच राहील."

काउंटर म्हणजे रोषणाईच्या दृष्टीने नुसती नोकरी नव्हती. दारातून येणारा प्रत्येक माणूस प्रथम तिच्याकडे पाही. तिने हाक मारली की उठे, बस म्हटले की बसे. उभ्या आयुष्यात तिने एवढी एकच जागा मिळवली होती. ती जागा जाणार होती, आणि ती राखायला फक्त तीन बटणे लावायची होती. कंपाउंडरने तेच सुचवले. "बाई, वरून कोट घाला, आत वाघ राहू द्या. कोणाला कळतंय?"

"वाघाला कळेल," ती म्हणाली. तिने पेन, चष्मा आणि पाण्याची बाटली उचलली आणि मागच्या खोलीत गेली.

ती खोली अरुंद होती. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, एक स्टूल, आणि बाहेरच्या भिंतीकडे उघडणारी वीतभर खिडकी. तेथे कोणीही येत नसताना ती रोज पूर्ण इतमामाने सजून येई. उलट पहिल्या आठवड्यात तिने ठेवणीतले म्हणून ज्याला कधी हात लावला नव्हता, ते चंदेरी झालरीचे जाकीटही काढले. भाची म्हणाली, "आत्या, तिथे बघायला कोण आहे?"

"मी आहे की."

बाहेर काउंटरवर कंपाउंडरला बसवण्यात आले. बिस्किटी भिंतीपुढे, बिस्किटी काउंटरमागे, बिस्किटी कोट घालून तो बसला, तेव्हा दाराच्या फटीतून पाहत रोषणाई म्हणाली, "भिंतीला मिशी फुटलीय बघा."

परंतु हसण्यावारी नेण्यासारखे ते फार दिवस राहिले नाही. या दवाखान्यात येणाऱ्यांची नजर मुळातच अधू. त्यात तपासणीपूर्वी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालतात. मग पुढचे काही तास समोरचे सगळे धुरकट दिसते. इतकी वर्षे थेंब घातलेला माणूस उठे आणि त्या धुरातून जो जांभळा किंवा पोपटी डाग दिसेल त्याच्या रोखाने सरळ चालत येई. आता डाग उरला नव्हता. एक आजी रिकामी खुर्ची समजून दुसऱ्याच्या मांडीवर बसल्या. एक शिक्षक पडद्याला नमस्कार करून आपल्या क्रमांकाची चौकशी करू लागले. आणि निवृत्त हवालदार, दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीसाठी आलेले, आपली चिठ्ठी घेऊन खांबापुढे जाऊन उभे राहिले.

"नंबर कधी लागेल?" त्यांनी खांबाला विचारले. खांब गप्प. "अहो, मी तुमच्याशी बोलतोय." तरी गप्प. "सरकारी खात्यात मी जन्म काढला, पण असा मुजोर माणूस नाही पाहिला," असे म्हणून त्यांनी आवाज चढवला आणि वरिष्ठांना बोलावण्याची मागणी केली. कंपाउंडर धावत आला, तर हवालदार खांबाकडे बोट दाखवून म्हणाले, "तुम्ही मध्ये पडू नका. आधी यांना उत्तर देऊ द्या." सगळा दवाखाना हसला. हवालदारांना चूक उमगली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, आणि ते शांतपणे म्हणाले, "ती बाई कुठे आहे? ती दिसायची तरी."

डॉक्टरीणबाई तपासणीच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिले आणि ऐकले.

दोन दिवसांनी त्या मागच्या खोलीत आल्या. हातात एक पिशवी होती. त्या स्टुलावर बसल्या नाहीत, मांडणीला टेकून उभ्या राहिल्या.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. त्यांना असे बोलण्याची सवय नसावी, पण त्या बोलल्या. "कमी दिसणाऱ्या माणसाला गडद रंगाचा आधार लागतो. मी डोळ्यांची डॉक्टर असून हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तुमचे कपडे पेशंटच्या उपयोगाचे होते. तुम्ही काउंटरवर परत या." आणि त्यांनी पिशवीतून एक नवे कोरे जाकीट काढले. झगझगीत नारिंगी, पाठीवर चकाकणारा पट्टा.

रोषणाईने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले. रंग तिला आवडला, हे तिच्या डोळ्यांत दिसत होते. तिने त्याची नीट घडी घातली आणि परत दिले.

"हे रस्ता खणणारे घालतात, मॅडम."

"तुम्हाला रंगच हवा होता ना?"

"मला माझा हवा होता. उद्या माझ्या अंगावर हे असलं, की लोक म्हणणार, बिचारीला पेशंटसाठी घालावं लागतं. मी कोणाच्या उपयोगासाठी घालत नाही. मला आवडतं म्हणून घालते. माझ्या वाघानं कोणाला वाट सापडली तर चांगलंच आहे, पण तो त्यासाठी नाही. उद्या सगळ्यांना लख्ख दिसायला लागलं तर तुम्ही मला परत इथे पाठवाल."

डॉक्टरीणबाईंनी जाकीट पिशवीत परत ठेवले. नाकारण्यासारखे त्यात काही नव्हते.

"मला आवडतं, एवढं कारण पुरत असेल तर आत्ता उठते. नसेल पुरत, तर इथे माझं बरं चाललंय. खिडकी लहान आहे, पण मी आहे ती आहे."

"आणि कोणी विचारलं, तुमच्या काउंटरवरची बाई अशी का, तर मी काय सांगू?"

"सांगा, आमच्या बाईंना कमी दिसतं. डोळ्यांचा दवाखाना आहे, लोक समजून घेतील."

डॉक्टरीणबाई हसू दाबायचा प्रयत्न करीत राहिल्या आणि तो त्यांना जमला नाही. मग त्या गंभीर होऊन म्हणाल्या, "मला अजूनही ते भडकच वाटतं. खोटं नाही बोलणार."

"वाटू द्या की. मला तुमच्या भिंती आजारी वाटतात. तरी मी रोज येते ना?"

त्या दिवशी दुपारनंतर रोषणाई काउंटरवर परतली. चंदेरी झालरीच्या जाकिटात ती आली तेव्हा खुर्च्यांवरची अर्धी माणसे डोळे बारीक करून तिच्या दिशेने वळली, आणि जिला स्वच्छ दिसत होते अशी एक तरुणी शेजारणीच्या कानाला लागून काहीतरी पुटपुटली. रोषणाईने ते पाहिले. तिने आधी त्या तरुणीचाच क्रमांक पुकारला आणि "या, जवळून बघा," म्हणाली.

साठीला ती निवृत्त होईपर्यंत या व्यवस्थेत बदल झाला नाही. नारिंगी जाकीट रात्रीच्या पहारेकऱ्याला देण्यात आले. ती गेल्यावर काउंटर पुन्हा कंपाउंडरकडे आले आणि तो बिस्किटी कोटच घालतो; त्याला तो मनापासून आवडतो, खिसे मोठे आहेत म्हणतो, आणि रोषणाईने त्याला त्याबद्दल कधी शब्दाने टोकले नाही. खांबाला आता गडद निळा पट्टा मारलेला आहे. एवढे मिटले. मिटले नाही ते इतकेच, की उरलेल्या सगळ्या वर्षांत डॉक्टरीणबाईंनी तिला "आज छान दिसता" असे एकदाही म्हटले नाही. तिनेही कधी तशी वाट पाहिली नाही. निरोपाच्या दिवशी मात्र, फोटोसाठी शेजारी उभ्या राहिलेल्या डॉक्टरीणबाईंच्या बिस्किटी कोटाच्या खांद्यावरचा धागा तिने चिमटीने काढला आणि म्हणाली, "तुम्हाला शोभतं हो हे. तुम्हालाच शोभतं."