पऱ्यावरचा गवा

‘तुमचा विश्वास बसायचा नाय,’ असं म्हणत आप्पा कानटोपी कपाळावरून मागे सारत आणि गोष्ट सुरू होई. आमचा विश्वास खरोखरच बसत नसे. थाप मारण्यापूर्वी समोरच्याला इतकी स्पष्ट सूचना देणारा सज्जन मी दुसरा पाहिलेला नाही.

आप्पा आमच्या आळीच्या टोकाला राहत. घराणं मासेमारीचं, आणि त्यांचा स्वतःचा जन्म जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला. अशा माणसाच्या गोष्टी समुद्राच्या असायला हव्यात, असं तुम्हाला वाटेल. पण आप्पा समुद्राबद्दल अवाक्षर काढत नसत. आमच्या आळीत प्रत्येक घरात एकतरी माणूस समुद्रावर जाऊन आलेला, त्यामुळे तिथं थाप लगेच पकडली गेली असती. जंगलातलं मात्र कुणालाच फारसं कळत नव्हतं. म्हणून आप्पांनी जंगल हा विषय निवडला. पुष्कळ विद्वान आपला विषय असाच निवडतात.

एकदा म्हणे ते आंजर्ल्याला लग्नाला गेले होते. परत निघताना बघतात तर स्कूटरच्या सीटवर बिबट्या झोपलेला. झोपलेल्याला उठवणं बरं दिसेना, म्हणून हे चालत रत्नागिरीला आले. मधल्या खाड्यांचं काय केलंत, असं मी विचारलं. आप्पांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाले, ‘ओहोटी होती.’ दुसऱ्या एका खेपेला त्यांनी देवरुखच्या बाजूला चिखलात रुतलेली जीप दोरीनं ओढून काढली होती. जीप बाहेर आल्यावर दोरी सळसळत निघून गेली. तो अजगर होता. अजगर काही बोलला नाही का, असं कुणीतरी विचारलं, तर आप्पा म्हणाले की दमला होता बिचारा.

अशा माणसाला आळीत मान नसतो, पण मागणी असते. गणपतीत, बारशात, वीज गेल्यावर, कुठंही आप्पा लागत.

मग आमच्या आळीला कॅम्पिंगचा रोग झाला. तो आणला संदेशनं. संदेश एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. आळीतल्या लोकांचं आयुष्य फारच सुरक्षित झालेलं पाहून त्याला चैन पडेना. संगमेश्वराच्या आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी त्यानं एक जागा शोधून काढली. डांबरी रस्ता संपला की कच्चा रस्ता, तो संपला की पायवाट, आणि पायवाट संपली की झाडीत एक सपाट मोकळी जागा. तिथं तंबू. मोबाईलला रेंज नाही, पंखा नाही, उशा चपट्या. जाहिरातीत या सगळ्याला ‘निसर्गाच्या कुशीत’ असं म्हटलेलं होतं.

आता बघा, आमच्यातल्या निम्म्या लोकांची गावाकडची घरं वर्षभर कुलूप लावून पडलेली. तिथं आंबा, फणस, विहीर, साप, विंचू, सगळा निसर्ग घरबसल्या मिळतो. पण स्वतःच्या घरातला निसर्ग कुणी मोजत नाही. तो साफ करावा लागतो. तेव्हा थंडीच्या दिवसांत आम्ही सगळे गाडी करून, ब्लँकेटं आणि शेवचिवडा घेऊन दुसऱ्याच्या जंगलात जमिनीवर झोपायला जाऊ लागलो. आप्पांना अर्थातच न्यायचं ठरलं. शेकोटीला लाकडं लागतात तसे आप्पाही लागणार, असा हिशेब. आप्पांची बायको, आमच्या काकी, मात्र आल्या नाहीत. डास चावून घ्यायला एवढ्या लांब कशाला जायचं, इतकंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढायला कुणालाही जमलं नाही.

कॅम्पवर संदेशच्या गळ्यात शिटी असे. शिटी वाजली की रांग लावायची. मग तो आम्हाला जंगलात कसं वागावं ते सांगे. प्राणी दिसला तर घाबरायचं नाही, पळायचं नाही, गटातून फुटायचं नाही, लहान मुलांना मधे घ्यायचं. तो हे इतकं छान सांगे की प्राणी दिसावा असं वाटू लागे. त्याची ईरा तेव्हा पहिलीत होती. बाबा बोलू लागला की ती रांगेत पहिली उभी राही आणि त्याच्या तोंडाकडे बघत त्याचे शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत राही. आप्पा रांगेत सगळ्यांत शेवटी. अर्धी चड्डी, जाड स्वेटर आणि कानटोपी. थंडी त्यांना गुडघ्यांच्या वर आणि मानेच्या वर एवढीच वाजत असावी.

ज्या सकाळची गोष्ट सांगायची आहे ती दुसऱ्या वर्षाची. बाकीची मंडळी चुलीभोवती पोह्यांची वाट बघत होती. संदेशनं निसर्गभ्रमंतीची घोषणा केली. तिला प्रतिसाद म्हणून ईरा आली, कारण बाबा निघाला होता. आप्पा आले, कारण त्यांना एकांतात जायचं होतं आणि वाट तीच होती. मला पाणी आणायला पिटाळलेलं, म्हणून मीही कॅन घेऊन मागोमाग.

वाट खाली पऱ्यावर उतरते. पावसात हा ओढा गर्जत असतो. थंडीत गोट्यांमधून जेमतेम वाहणारं पाणी. मी थोडा खालच्या अंगाला एका खडकाशी वाकून कॅन भरत होतो. ती तिघं वरच्या अंगाला, अलीकडच्याच काठावर. संदेश पुढे, त्याच्या मागे ईरा, आणि बरेच मागे आप्पा.

करवंदीच्या जाळीत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि गवा बाहेर आला.

चित्रात पाहिलेला गवा आणि समोर उभा राहिलेला गवा यांत काय फरक असतो, ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की कॅन भरून वाहत होता आणि माझा हात तिथंच होता. काळा, एकटा, खांद्याशी डोंगर उचलून आणल्यासारखा, आणि पायांत पांढरे मोजे. त्यानं मान खाली घेतली आणि जोरात फुसकारा टाकला.

संदेश पळाला. मी त्याला नावं ठेवत नाही. माझे पाय चालत असते तर मीही त्याच्या बरोबरीनं धावलो असतो. तो ईराच्या बाजूनं गेला. इतक्या जवळून की तिच्या डोक्यावरची टोपी त्याचा हात लागून खाली पडली. मग तो काठावरच्या झाडीत दिसेनासा झाला. ईरा टोपी उचलायला वाकली.

आप्पा पुढे आले. पळत नाही, देवळात शिरावं तसे, चपला वाजू न देता. ईराच्या आणि गव्याच्या मधे येऊन ते उभे राहिले आणि मागे हात नेऊन त्यांनी तिला स्वेटरशी धरलं. मग ते बोलायला लागले. ओरडले नाहीत. देवाला गाऱ्हाणं घालताना लावतात तसा आवाज होता. ‘वाट तुझी हाय, महाराजा. आम्ही चुकून आलाव. पोर हाय लहान. तू जा तुझ्या वाटेनं, आम्ही आमच्या वाटेनं जाताव.’

गवा उभाच. आप्पा पुन्हा तेच बोलले, तितक्याच सावकाश. किती वेळ गेला, मला माहीत नाही. शेवटी गव्यानं मान वळवली, आमची एकूण लायकी लक्षात आल्यासारखा तो फिरला आणि पऱ्या ओलांडून पलीकडच्या रानात चढून गेला. बराच वेळ फांद्या मोडल्याचे आवाज येत होते.

आप्पा खाली गोट्यांवर बसले. तेवढ्यात झाडीतून संदेश आला. चेहरा पिठासारखा, आणि हातात एक काठी. काठी म्हणजे वाळकी फांदी. तिनं डासही मेला नसता. ईरानं त्याला विचारलं, ‘बाबा, तू कुठं गेलेलास?’

संदेश हातातल्या काठीकडे बघायला लागला.

‘मीच पाठवला त्याला, काठी आणायला,’ आप्पा म्हणाले. ‘कुणाचीतरी म्हैस चुकलीय गो. हाकलायला काठी नको?’

तुम्ही आप्पांना ओळखत असता तर या वाक्याचं मोल तुम्हाला कळलं असतं. रानमांजराचा वाघ करणारा माणूस. आयुष्यभर ज्या क्षणाची त्यानं तोंडी तालीम केली, तो क्षण त्याच्यासमोर शिंगं रोखून उभा राहिला, साक्षीदारासकट. आणि त्यानं त्याची म्हैस करून टाकली.

आम्ही वर आलो. पोहे झाले होते. ईरानं सगळ्यांना सांगितलं की केवढा तरी मोठा काळा प्राणी आला होता, त्याच्या पायांत पांढरे मोजे होते. मंडळी लगेच आप्पांकडे वळली, काही जणांनी बशा खाली ठेवल्या. आप्पांनी पोह्यांवर लिंबू पिळलं. म्हैस होती, पायांना चुना लागला असेल, एवढं बोलून ते खायला लागले. लोकांची फार निराशा झाली. आप्पांचं वय झालं, असं एकजण माझ्या कानात म्हणाला.

त्या संध्याकाळी शेकोटीशी त्यांना फारच आग्रह झाला तेव्हा त्यांनी स्कूटरवरच्या बिबट्याची गोष्ट पुन्हा सांगितली. नेहमीसारखी रंगली नाही. संदेश लांब, तंबूच्या दोऱ्या आवळत बसला होता. त्या आधीच आवळलेल्या होत्या.

परत आल्यावर एकदा जेटीवर ते मला एकटे भेटले. मी सरळ विचारलं, आप्पा, सांगत का नाही कुणाला? ते म्हणाले, काय सांगायचं? गुडघा धरला होता म्हणून उभा राहिलो, नाहीतर संदेशच्या आधी मी झाडावर असतो. मी म्हटलं, तुम्ही पुढे चालत आलात ते मी पाहिलंय. तेव्हा ते समोरच्या बोटीकडे बघू लागले.

‘मी सांगितली तर लोक माझी गोष्ट ऐकतील,’ ते म्हणाले, ‘पण पोरगी बापाची ऐकेल. ती कशाला ऐकवायची तिला?’

मग त्यांनी मला कुठल्याशा अस्वलाबद्दल सांगायला घेतलं. मी ते शेवटपर्यंत ऐकलं. अस्वल मराठी समजणारं निघालं.

पुढच्या वर्षापासून कॅम्पवर शिटी आली नाही. संदेश रांगा लावेना, सूचना देईना. आप्पांचा तंबू मात्र सगळ्यांत आधी, सगळ्यांत सपाट जागेवर तो स्वतः उभारी आणि खाली दोन सतरंज्या घाली. लोकांना वाटलं, संदेश सुधारला. सुधारला म्हणजे काय झालं, ते विचारण्याची आमच्या आळीत पद्धत नाही.

गेल्या गणपतीनंतर आप्पा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. इतका साधा शेवट त्यांनी स्वतःच्या कुठल्याही गोष्टीला लावला नसता.

दिवसकार्य झाल्यावर संध्याकाळी आम्ही आळीतली माणसं त्यांच्या पडवीत बसलो होतो. काकी आत-बाहेर करत होत्या, कुणाला चहा हवा-नको बघत. थोड्या वेळानं गोष्टी निघाल्याच. ओहोटी निघाली, अजगर निघाला. माणसं हळूहळू हसायला लागली. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना आपण त्याचे गुण शोधत बसतो. आप्पांच्या बाबतीत शोधावं लागत नव्हतं, थापा हाताशीच होत्या.

संदेश कोपऱ्यात बसला होता. शेजारी ईरा. आता ती बापाच्या खांद्याला लागते. हसणं जरा थांबलं तेव्हा तो म्हणाला, ‘कॅम्पवर ती म्हैस नव्हती. गवा होता. मी ईराला टाकून पळालो. आप्पा पुढे झाले.’

मग कुणीतरी समजुतीनं हसलं आणि त्याच्या पाठीवर थोपटलं. आप्पांची उणीव भरून काढायला बिचारा स्वतःच एक गोष्ट रचतोय, असं लोकांना वाटलं. चांगली आहे, असंही एकजण म्हणाला. संदेशनं माझ्याकडे बघितलं. खरं आहे, मी पाहिलंय, असं मी म्हटलं. तेव्हा ते आणखीनच हसले. आता दोघंजण मिळून सांगायला लागले, म्हणाले.

ईरा हसली नाही. तिनं बापाकडे नीट पाहिलं, आणि ती होती तिथंच बसून राहिली.

काकी दारात उभ्या होत्या, रिकाम्या कपांचा ट्रे हातात.

‘मला सांगितलंनी होतं,’ त्या म्हणाल्या. ‘कॅम्पवरून आले त्याच रात्री. जेवले नव्हते. मी म्हटलं, झोपा आता गप.’

हसणं थांबलं. काकींनी ट्रे उंबऱ्यावर ठेवला, पदरानं हात पुसले आणि संदेशच्या समोर जमिनीवरच बसल्या.

‘पहिल्यापासून सांग,’ त्या म्हणाल्या. ‘काय काय बोलले ते त्या गव्याशी, सगळं सांगा दोघं.’