पायरीवर बसलेला माणूस

१२ नोव्हेंबर, तिन्हीसांज. दिवा लावण्याआधी देव्हाऱ्यातलं निर्माल्य काढत होते. कुजायला लागलेल्या ओल्या पाकळ्यांचा वास बोटांना लागला, की पेडण्यातल्या आमच्या देवळातला तो कौल आठवतोच.

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या डोक्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, थांबू नका. पण आमच्या घरात देवाला विचारल्याशिवाय विहीर खणत नाहीत, तर कवटी कोण उघडू देणार? सासूबाई हटून बसल्या. इस्पितळाच्या वाटेवर गाडी देवळापाशी थांबवली. भटांनी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं एकेक पाकळी लावली. उजवी आधी पडली तर ऑपरेशन, डावी पडली तर नको. बराच वेळ काहीच हललं नाही. गाभाऱ्यात समईची ज्योतसुद्धा रेघेसारखी उभी होती. आणि मग दोन्ही पाकळ्या एकदम गळल्या.

भट मागे सरले. ‘‘असां कधी जावक नाय,’’ एवढंच म्हणाले.

‘‘परत लावा,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘देवान दिलां तां दिलां, वयनी. परत विचारूचां नाय.’’

मी पदर खोचला. ‘‘उजवी पडली मगे? पडली. चला, गाडी उभी आसा.’’

‘‘आनी डावी?’’ सासूबाईंनी विचारलं. तोवर मी गाडीकडे चालू लागले होते.

ऑपरेशन उत्तम झालं. नवरा घरी आला. पेज चमच्यानं भरवावी लागे, ती महिन्याभरानं तो हातानं जेवू लागला. भिंत धरून न्हाणीपर्यंत, मग काठी घेऊन पुढच्या पडवीतल्या, बलकांवातल्या खुर्चीपर्यंत आला. आजारपणाच्या घरात माणूस अशाच वितीएवढ्या मोजपट्टीनं सुख मोजायला शिकतं. आईला तो ओळखायचा, शेजारणीच्या कुत्र्यालाही ओळखायचा. फक्त मला नाही. माझ्याशी बोलताना आवाज मऊ करून ‘तुमी’ म्हणायचा. परक्या बाईशी बोलावं तसं, नजर खाली ठेवून.

‘‘बाये, तुमचे घोव खंय असतत?’’ एकदा त्यानं विचारलं.

‘‘मोपार. विमानतळार गाडी चलयतत.’’ तो स्वतः तेच करायचा.

‘‘येतले मगे,’’ तो समजुतीनं म्हणाला. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो माझ्या नवऱ्याची वाट बघतो. मोपाच्या पठारावर विमान उतरलं की फाटकाकडे मान वळवतो. मीही हल्ली वळवते. सवयीला अक्कल नसते.

त्या बारा तारखेच्या तिन्हीसांजेला मी निर्माल्याची परडी घेऊन बाहेर आले, तर तो हसत होता. ‘‘इले तुमचे घोव. पायरेर बसल्यात.’’

पायरी रिकामी होती. पण शेजारणीचं कुत्रं, जे रोज त्याच पायरीवर अंग टाकतं, ते अंगणात उभं राहून पायरीकडे बघत होतं. तरी विचारलं, ‘‘कशे दिसतत?’’

‘‘दमल्यात. घरात येवक लजतत. तुमी साद घाला.’’

परडी तशीच हातात राहिली. किती काय काय परत मिळवलं आम्ही या तीन वर्षांत: घास, पाऊल, झोप. सगळं डॉक्टरांच्या कागदावर नीट लिहिलेलं आहे. जे आलं नाही त्याला कागदावर रकाना नाही. आणि आपण मात्र त्याच्याचबरोबर एका घरात राहतो, त्याच्या अंगावरून पाय टाकून जात-येत राहतो.

रात्र तशीच गेली. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सव्वीस वर्षांत मीही कधी घेतलं नव्हतं. ‘अहो’नं भागत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सडा घातला, बादली ठेवली, बलकांवात येऊन पायरीसमोर उभी राहिले आणि मोठ्यानं त्याच्या नावानं हाक मारली.

‘‘ओ!’’ मागून, खुर्चीतून आलं. त्याच्या जुन्या, वैतागलेल्या आवाजात.

मी वळले. तो माझ्याकडेच बघत होता, सरळ, नजर न पाडता.

‘‘इले ते?’’ त्यानं विचारलं.

‘‘इले,’’ मी म्हटलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.